मुदपाकखान्यातला देव

माउली, जनाबाईबरोबर पांडुरंग दळू लागला ही कथा आपण इतक्या वेळा कीर्तनात ऐकली आहे की तिच्यातला प्रश्न आता आपल्याला टोचत नाही. देव दळू लागला तेव्हा जनीचा हात खुंट्यावरून सुटला का? सुटला म्हणावे तर भक्ती ही कष्टातून पळवाट ठरते. नाही म्हणावे, तर देवाने केले काय? ख्रिस्ती साधकांनाही हा प्रश्न शतकानुशतके पडत आला आहे, आणि त्यांच्याकडचे एक लहानसे पुस्तक त्यासाठी आपण वाचावे असे मला वाटते. देवाच्या सान्निध्याचा सराव, असा त्याच्या नावाचा अर्थ. ते ब्रदर लॉरेन्सच्या नावावर आहे.

हा लॉरेन्स म्हणजे फ्रेंच मुलखातला निकोला एर्मां. जन्म १६१४ च्या सुमारास. शिपाईगिरीत पाय अधू झाला, मग एका घरी नोकरी केली, तिथे हातून वस्तू फुटायच्या. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेल मठात गेला. पुरोहित म्हणून नव्हे. अंगमेहनतीची कामे करणाऱ्या बंधूंपैकी एक म्हणून. स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड, आणि नेमके तेच काम पंधरा वर्षे वाट्याला आले. पुढे त्याने मठातल्या लोकांच्या चपला केल्या. पुस्तक म्हणून त्याने स्वतः काही लिहिले नाही. पत्रे त्याची आहेत. चार संवाद मात्र बोफोर नावाच्या धर्माधिकाऱ्याने टिपले, त्यातला पहिला ३ ऑगस्ट १६६६ चा.

त्याची रीत साधी आहे. कामाला लागण्यापूर्वी तो देवाला सांगे की आता मला या कामात मन घालावे लागणार, तेव्हा तू सोबत राहा. काम चालू असताना त्याच्याशी बोलत राही. काम नीट झाले तर आभार मानी; बिघडले तर चूक कबूल करून क्षमा मागे आणि कुढत न बसता पुन्हा कामाला लागे. मठासाठी द्राक्षाची दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवले होते. (माळकऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल, पण तिकडे ती रोजच्या पानातली आणि उपासनेतलीही वस्तू.) व्यवहाराचे डोके नाही, पाय लंगडा, नावेवर पिंपांवरून लोळत लोळत सरकावे लागे. तुझे काम तू बघ, असे देवाला सांगून तो निघाला, आणि काम नीट पार पडले.

इथे घाईने वाचणारा फसतो. देवावर भार टाकला म्हणजे लॉरेन्स घरी बसला नाही. तो नावेवर लोळत गेलाच. त्याने खाली ठेवली ती काळजी, आणि काम साधल्यावरची फुशारकी. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना संत पौल भक्तांना तारणासाठी झटायला सांगतो, आणि लगेच बजावतो की त्या झटण्यामागची इच्छा आणि बळ दोन्ही देवाचेच. तो गुंता पंडितांनी फार चर्चिला. या स्वयंपाक्याने तो परातीत मळून दाखवला, हे माझ्या मते पुस्तकाचे खरे मोल.

आपल्या कथेशी त्याची गाठ मात्र सरसकट घालू नये. जनीचा विठ्ठल स्वतः खुंट्याला हात लावतो, शेण्या वेचतो. तो तिच्या कष्टाचा वाटेकरी होतो. लॉरेन्सचा देव भांडी घासायला येत नाही. तो घासणाऱ्या हातात बळ होऊन राहतो. मला जनीची कथा अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात दासीच्या वाट्याला आलेल्या ओझ्याची देवाला दखल घ्यावी लागते. मठात कष्टाचे काम काहींच्याच वाट्याला का, हा प्रश्न या पुस्तकात कुठेच येत नाही.

लॉरेन्सच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये वाद पेटला: आत्म्याने सगळे प्रयत्न सोडून निश्चल राहावे का? लॉरेन्सला मानणाऱ्या फेनेलाँ या धर्माध्यक्षाच्या ग्रंथाला १६९९ मध्ये पोपने दोषी ठरवले. लॉरेन्सला त्या निश्चलवाद्यांत बसवणे मला पटत नाही. निश्चल माणूस रोजच्या पंगतीचा स्वयंपाक करत नाही.

तरी एक जागा खटकते. आजारी माणसांना लिहिलेल्या पत्रांत तो औषधापेक्षा देवावर भिस्त ठेवायला सांगतो. तुमचे दुखणे जावे अशी प्रार्थना करत नाही, सोसायचे बळ मागतो, असेही म्हणतो. स्वयंपाकघरात ज्याने चाकू खाली ठेवला नाही, तो दुसऱ्याच्या दुखण्यात मात्र मानवी प्रयत्नाला दुय्यम ठरवतो. वैद्याच्या हातात तोच देव नाही का? माळ घातली, आता डॉक्टर कशाला, असे म्हणणारी माणसे आपल्याही दिंडीत भेटतात. ही पत्रे त्यांच्या हाती पडली तर विचारपूर्वक वाचावीत.

वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे की लिहिणारा धडधाकट नव्हता. त्याचे शेवटचे पत्र ६ फेब्रुवारी १६९१ चे आहे. १२ तारखेला तो गेला.