पूल आणि प्रवासी : एका तक्त्याच्या निमित्ताने

गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही प्रकाशसंश्लेषणाचा तक्ता पाहिला. धानाच्या पानातील हरितद्रव्य हा इलेक्ट्रॉनचा 'दाता', जवळचा दुसरा रेणू 'ग्राही', आणि मध्ये वैनगंगेवर असावा तसा पूल. पुलावरून इलेक्ट्रॉन चालला आहे. इलेक्ट्रॉन जागा बदलतो ही मुख्य गोष्ट हे चित्र चांगली ठसवते. रसायनशास्त्रज्ञही मधल्या दुव्याला पूलच म्हणतात. तरीही आमची तक्रार आहे.

दुवा आखूड असेल, तर त्यावर पाऊल ठेवण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनजवळ बहुधा नसते. तो पुंजयामिकीतील बोगदा-परिणामाने थेट पलीकडे पोचतो. मग दुव्याचे काम काय? पोकळीत इलेक्ट्रॉनची लहर फार लवकर क्षीण होते. दुव्यातून ती कमी क्षीण होते. म्हणून दुवा कसा आहे याला महत्त्व येते. एकेरी बंधांच्या कार्बन-साखळीत एकेक कार्बन वाढला की वेग सुमारे अडीच-तीन पटींनी घटतो. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या दुव्यात ही घट बरीच कमी असते. दोन बेंझिन-वलये जोडलेल्या दुव्यात वलये एका पातळीत असली, तर वाट सुकर. काटकोनात वळली, तर जवळजवळ बंद. लता वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एकेका रेणूची विद्युतवाहकता मोजून वळणाचा हा परिणाम दाखवला. लांबी तीच, पूल तोच, फक्त पीळ वेगळा! तक्त्यातील पुलाला हे सांगता येत नाही.

अर्थात सारे दुव्यावरच ठरत नाही. 1984 मध्ये क्लॉस आणि मिलर यांनी दाता व ताठ दुवा तोच ठेवून ग्राही बदलले. दाता-ग्राहींमधील ऊर्जेचा उतार वाढला तसा वेग आधी वाढला, मग घटला. मार्कस यांचे भाकीत खरे ठरले. 1992 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पानात दुव्याचे काम रंगद्रव्यांना धरून ठेवणारे प्रथिन करते. एकच लांब उडी फार मंद ठरली असती. म्हणून तेथे अनेक आखूड उड्यांची रांग आहे. मधल्या प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉन खरोखर थांबतो.

तेव्हा शिक्षकांनी सलग पुलाऐवजी ओढ्यात ठेवलेले दगड काढावेत आणि इलेक्ट्रॉन दगडावर दाखवावा, मधल्या पाण्यात नव्हे. पिळाचा परिणाम सांगण्यासाठी सायकलच्या तारेत पुठ्ठ्याचे दोन तुकडे ओवून फिरवून दाखवावेत. विद्यार्थ्याने "मग तो मधून गेला कसा?" असे विचारले, तर धडा नीट पोचला असे समजावे.