अम्मिआनसचे शेवटचे पान : गॉथ, रोम आणि दिलेला शब्द

आजचा विषय गॉथ लोक आणि उतरणीला लागलेले रोमन साम्राज्य यांचा आहे. पण आम्ही इतिहासाचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. तेव्हा आज आपण लढायांची जंत्री लावणार नाही. एक पुस्तक वाचू, आणि त्यातही त्याचा शेवटचा भाग.

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेले असते. उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या आणि रोम पडले. हे वाक्य इतके सुटसुटीत आहे की पुढे कोणी प्रश्नच विचारत नाही. आले म्हणजे कसे आले? चोरून आले, लढून आले, की परवानगी मागून आले? याचे उत्तर ज्याच्याकडे सर्वांत तपशीलवार मिळते तो लेखक म्हणजे अम्मिआनस मार्सेलिनस.

हा माणूस कोण? पूर्वेकडचा ग्रीक, पेशाने सैनिक, आणि लिहितो मात्र लॅटिनमध्ये. त्याच्या इतिहासाचे एकतीस खंड होते. पहिले तेरा हरवले. उरलेल्या अठरांत इ.स. ३५३ ते ३७८ एवढाच काळ येतो. म्हणजे लेखक आपल्या हयातीतल्या गोष्टी सांगतो आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ३५९ साली इराणच्या शापूर राजाने अमिदा या शहराला वेढा घातला, तेव्हा अम्मिआनस आत होता. अमिदा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दियारबाकिर. त्र्याहत्तर दिवसांनी शहर पडले आणि हा रात्रीच्या अंधारात मागच्या दाराने निसटला. जीव मुठीत धरून पळणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता एकतिसावा खंड उघडू. ३७६ साल. हूणांच्या रेट्यापुढे गॉथांचा एक मोठा गट, तेर्विंगी, डॅन्यूबच्या काठावर येऊन थांबतो. आलाविवस आणि फ्रिटिगर्न हे त्यांचे पुढारी. ते सम्राट व्हॅलेन्सकडे दूत पाठवून विनंती करतात : आम्हाला नदीच्या अलीकडे येऊ द्या, आम्ही शांततेने राहू, गरज पडली तर तुमच्यासाठी लढू. व्हॅलेन्स तेव्हा दूर अँटिओकला होता, इराणच्या आघाडीवर अडकलेला. दरबारातल्या खुशमस्कऱ्यांनी त्याला हिशेब मांडून दाखवला : फुकटचे सैनिक मिळतील, आणि प्रांतांकडून माणसांऐवजी सोने वसूल करता येईल. परवानगी मिळाली. म्हणजे बघा, दार फोडलेले नाही, दार उघडलेले आहे. आणि तेही दयेपोटी नव्हे, फायद्यापोटी.

हे सगळे सांगतो तो अम्मिआनसच. पण कसे सांगतो, ते पाहा. लोक होड्यांतून, तराफ्यांवरून, पोखरलेल्या ओंडक्यांतून नदी पार करताहेत, कित्येक बुडताहेत. आणि लेखक उपहासाने म्हणतो की रोमन राज्य उलथवणाऱ्यांपैकी एकही मागे राहू नये, म्हणून आजाऱ्यांनासुद्धा काळजीने आणले जात होते. त्यांची मोजदाद करायला निघालेले अधिकारी थकून गेले. वाळवंटातली वाळू मोजण्यासारखेच ते काम. पुढे त्यांना एटना ज्वालामुखीच्या राखेची उपमा मिळते. वाळू, राख! माणसांचा जथा निसर्गाचा कोप होऊन बसतो. वाळूला भूक लागत नाही, राखेला मुले नसतात.

आणि तरीही याच लेखकाने पुढच्याच पानांत त्या मुलांची गोष्ट सांगितली आहे. लुपिसिनस आणि मॅक्सिमस या दोन रोमन अधिकाऱ्यांकडे निर्वासितांची व्यवस्था होती. अन्न पुरेना. तेव्हा या अधिकाऱ्यांनी मिळतील तिथून कुत्री गोळा केली आणि उपाशी गॉथांना विकली. किंमत? एका कुत्र्याला एक गुलाम. या गुलामांत सरदारांची मुलेसुद्धा होती. पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ अम्मिआनस या दोघांच्या हावरेपणात पाहतो. रोमच्या लेखकाने रोमच्या अधिकाऱ्यांबद्दल हे लिहून ठेवले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पुढे काय झाले? मार्सियानोपल इथे लुपिसिनसने दोन्ही गॉथ पुढाऱ्यांना जेवायला बोलावले. बाहेर उपाशी गॉथांना शहरात शिरू देत नव्हते, तिथे झटापट झाली. आत लुपिसिनसने पुढाऱ्यांचे अंगरक्षक मारून टाकले. फ्रिटिगर्न कसाबसा सुटला. आलाविवसचे नाव त्यानंतर पुस्तकात येतच नाही. बंड पेटले ते असे.

आता एक बारीकसा प्रसंग. सुएरिडास आणि कोलियास हे दोन गॉथ सरदार आधीपासून रोमच्या नोकरीत होते. त्यांचा तळ एड्रियानोपलजवळ, म्हणजे आजच्या एदिर्नेजवळ होता. या बंडाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना आशियात निघून जाण्याचा हुकूम आला. त्यांनी एवढेच मागितले : वाटखर्च, शिधा आणि दोन दिवसांची मुदत. शहराच्या अधिकाऱ्याचा त्यांच्यावर वैयक्तिक राग होता. त्याने नकार दिलाच, वर शहरातले लोक हत्यारे देऊन त्यांच्या अंगावर सोडले. मग हे दोघे फ्रिटिगर्नला जाऊन मिळाले. त्याला आणखी कोण मिळाले? विकले गेलेले गॉथ गुलाम आणि कराच्या ओझ्याखाली पिचलेले थ्रेसच्या सोन्याच्या खाणींतले कामगार. आता सांगा, ‘रोम विरुद्ध गॉथ’ ही रेघ नेमकी कुठे ओढायची?

९ ऑगस्ट ३७८. एड्रियानोपलची लढाई. आदल्या दिवशी फ्रिटिगर्नने एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या हाती पत्र पाठवून राहायला थ्रेस प्रांत मागितला होता. त्यात डाव असेल, अम्मिआनसला तसेच वाटते. पश्चिमेकडून ग्रेशियनची फौज येत होती. व्हॅलेन्स थांबला नाही. सैन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला आणि सम्राटाचे प्रेतही सापडले नाही.

खरे सांगायचे तर आम्ही स्वतः कित्येक वर्षे इथेच थांबत होतो. नीतिशास्त्राच्या वर्गात लुपिसिनसच्या कुत्र्यांचे उदाहरण द्यायचे, अम्मिआनसच्या सचोटीला दाद द्यायची आणि पुस्तक मिटायचे. शेवटचे पान आम्ही विद्यार्थ्यांना वाचून दाखवले नाही. ती आमची चूक होती, आणि आजचे व्याख्यान ती दुरुस्त करण्यासाठीच आहे.

काय आहे त्या पानावर? पूर्वेकडच्या प्रांतांचा सेनापती ज्यूलियस. त्याच्या हद्दीत वेगवेगळ्या शहरांत आणि छावण्यांत आधी दाखल करून घेतलेले गॉथ विखुरलेले होते. एड्रियानोपलची बातमी आल्यावर ज्यूलियसने तिथल्या अधिकाऱ्यांना गुप्त पत्रे धाडली. ठरलेल्या दिवशी, पगार मिळणार असे सांगून गॉथांना शहरांबाहेर जमवायचे आणि एकजात कापून काढायचे. तसेच झाले. झोसिमस हा नंतरचा लेखक हीच हकीकत थोडी वेगळी सांगतो. त्याच्या मते ती ओलीस घेतलेली आणि रोमन भूमीवर वाढलेली मुले होती.

यावर अम्मिआनसचा अभिप्राय काय? निषेध नाही, हळहळ नाही. तो ज्यूलियसच्या तत्परतेची वाखाणणी करतो. त्यामुळे पूर्वेकडचे प्रांत मोठ्या संकटातून वाचले म्हणतो. हे काम सोपवलेले अधिकारी सगळे रोमन होते आणि हल्ली असे क्वचितच आढळते, हेही तो समाधानाने नोंदवतो. त्यानंतर चार ओळींत वाचकांचा निरोप घेतो. पुस्तक संपते.

कोणी म्हणेल, सर, सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी का लावता? रास्त आक्षेप आहे. म्हणून आपण त्याचीच फूटपट्टी घेऊ. थोडी मागची पाने चाळा. ३७४ साली क्वादी लोकांचा राजा गॅबिनियस याला एका रोमन अधिकाऱ्याने मेजवानीला बोलावले आणि निघताना ठार केले. त्याच सुमारास आर्मेनियाचा राजा पाप यालाही रोमन सेनापतीने जेवणाच्या पंगतीतच मारवले. दोन्ही ठिकाणी अम्मिआनस संतापतो. आतिथ्याचा धर्म बुडाला म्हणतो. जुन्या रोमन पुढाऱ्याने शत्रूवर विषप्रयोग करायला कसा नकार दिला, त्याचा दाखला देतो. म्हणजे ताटावर बसलेल्या माणसावर हात उचलू नये, हे त्याला पुरते कळत होते. बरं, गॅबिनियस तर ‘रानटी’ राजाच होता. तेव्हा ‘परके म्हणून त्याला दया आली नाही’ हे सोपे उत्तर इथे चालत नाही.

मग फरक कुठे पडला? आमचे उत्तर असे. गॅबिनियस सीमेपलीकडचा होता, म्हणून तो पाहुणा ठरला. पाहुण्याला हक्क असतो. रोमन नागरिक आतला, त्यालाही हक्क असतो. पण ज्यूलियसने मारलेले गॉथ कोण? साम्राज्याने त्यांना आत घेतलेले, छावण्यांत ठेवलेले, पगाराचा शब्द दिलेला. पाहुणे म्हणावे तर आत राहणारे, आणि आपले म्हणावे तर गॉथ. ना घरचे, ना दारचे. अशा माणसाला दिलेल्या शब्दाचे काय करायचे, यासाठी अम्मिआनसच्या नैतिक कोशात शब्दच नाही. आता लुपिसिनसकडे परत पाहा. त्याचा गुन्हा लेखकाला दिसला, पण कोणाविरुद्धचा? आम्हाला वाटते, साम्राज्याविरुद्धचा. त्याच्या हावरेपणाने राज्य संकटात आले, हे अम्मिआनस ठणकावून सांगतो. गॉथांना दिलेला शब्द मोडला, ही तक्रार तितक्या स्पष्टपणे कुठे येत नाही.

भीती हे कारण नव्हे का? ज्यूलियसपुरते असेल. पण लेखक पुस्तक पुरे करतो तो रोम शहरात बसून, दहा-बारा वर्षांनंतर. तोवर ३८२ साली थिओडोसियसने गॉथांशी तह केलेला होता आणि ते रोमच्या सैन्यातून लढत होते. तेव्हा हा घाबरलेल्या क्षणाचा उद्गार नाही, विचार करून दिलेला अभिप्राय आहे. अम्मिआनसला एरवी मोठा मान देणाऱ्या गिबनलाही ही कत्तल पचली नाही. राज्याच्या सुरक्षिततेपुढे न्याय आणि माणुसकी रद्द होतात हे मानायला त्याने नकार दिला आहे. आम्ही या बाबतीत गिबनच्या बाजूने आहोत.

आणि हा उपाय निदान लागू तरी पडला का? ४०८ साली स्टिलिकोला मारल्यानंतर इटलीच्या शहरांत हाच प्रयोग झाला. रोमच्या सैन्यातल्या परकीय सैनिकांची बायकामुले कापली गेली. झोसिमसच्या म्हणण्याप्रमाणे तीस हजारांवर सैनिक अलारिककडे गेले. त्याच वर्षी रोमला वेढा पडला. वेढा उठवण्यासाठी शहराने पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड चांदी, रेशमी कपडे आणि तीन हजार पौंड मिरी दिली. ही मिरी आपल्या मलबारकडून समुद्रमार्गे जायची. दोन वर्षांनी, ४१० च्या ऑगस्टमध्ये, अलारिक शहरात शिरला. जो अलारिक एकेकाळी थिओडोसियसच्या बाजूने लढला होता, तोच हा.

म्हणून अम्मिआनस टाकून द्यायचा का? मुळीच नाही. कुत्र्यांच्या मोबदल्यात विकलेली मुले आपल्याला माहीत आहेत ती त्याच्यामुळे. ज्यूलियसची पत्रे माहीत आहेत तीही त्याच्यामुळे; त्याने ती लपवली नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की त्याला प्रामाणिक लेखक म्हणताना शेवटच्या पानासकट म्हणा. एकाच हाताने दोन्ही लिहिले आहे. पहिल्याने आपल्याला राग येतो, दुसऱ्यापाशी आपण पान उलटतो, आणि हे उलटणे आम्हीही केलेले आहे.

पुढच्या वेळी आपण ओरोसियसकडे जाऊ. अलारिकचा मेहुणा अथाउल्फ याची त्याने सांगितलेली एक हकीकत आहे : आधी त्याला रोमच्या जागी गॉथांचे साम्राज्य हवे होते, मग त्याने विचार बदलला. का बदलला, ते तेव्हा पाहू. तोवर जमले तर एकतिसावा खंड स्वतः वाचून या, आणि आमचे वाचन जिथे पटणार नाही तिथे जरूर हटका.