साशंक साक्षीचा प्रश्न

लिनक्स कर्नलमध्ये कृत्रिम दोष पेरून परीक्षा घेण्याची सोय २००७ साली २.६.२० या आवृत्तीत आली. दोष कोठे पेरावा हे ठरविताना तिची एक चाळणी स्टॅक ट्रेसचा, म्हणजे फंक्शनांच्या आवाहनक्रमाचा, आधार घेते. आमचा आक्षेप येथेच आहे. फ्रेम पॉइंटर नसता स्टॅकवर उरलेले जुने पत्तेही त्या क्रमात शिरू शकतात. छापील ट्रेसमध्ये अशा नोंदींपुढे प्रश्नचिन्ह असते. पाठचिकित्सकाने संशयित पाठावर केलेल्या खुणेसारखेच ते प्रामाणिक होय. चाळणीला मात्र ही खूण दिसत नाही. मृत पत्ता जिवंत मानून ती भलत्याच ठिकाणी दोष पेरते. अहवालातील चूक वाचक सुधारू शकतो. प्रयोगातच शिरलेली चूक निष्कर्ष बिघडविते. म्हणून मागोवा कोणत्या पद्धतीने घेतला हे न सांगणारा निष्कर्ष ग्राह्य मानू नये.