उत्तेजनार्थ

मुलांच्या पुस्तकांना बक्षिसं देणं हा मोठ्यांनी मोठ्यांसाठी शोधून काढलेला बैठा खेळ आहे. त्याला गडी फार लागत नाहीत. एक लेखक, एक प्रकाशक, दोन-तीन परीक्षक, एक अध्यक्ष आणि शालीची घडी मोडायला हात मोकळे असलेला एक कार्यवाह, एवढ्यांत डाव मांडता येतो. मूल लागत नाही. फारच हौस असली तर स्वागतगीताला चार मुली उभ्या करतात. पण गाणं संपलं की हातात बिस्किटांचा पुडा देऊन त्यांना मागल्या दाराने घरी पिटाळतात. कारण यापुढे बालसाहित्यावर भाषणं व्हायची असतात आणि तिथं मुलांचा गोंगाट चालत नाही.

मी बँकेतला कारकून. बी. कॉम. त्यामुळे मला वाङ्मयातलं कळतं असा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही. पण जमा आणि नावे या दोन बाजू मला कळतात. शिवाय कुठलंही खातं समजून घ्यायचं तर आधी त्यातली पहिली नोंद बघावी, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. म्हणून या बक्षीसखात्याची पहिली मोठी नोंद शोधायला गेलो, तर ती निघाली एका दुकानदाराच्या नावाने.

त्याचं नाव जॉन न्यूबेरी. लंडनला सेंट पॉल कॅथीड्रलच्या आसपास याचं पुस्तकांचं दुकान होतं. १७४४ साली त्यानं मुलांसाठी 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' नावाचं एक चिमुकलं पुस्तक काढलं. किंमत सहा पेन्स. आणखी दोन पेन्स टाकले तर पुस्तकाबरोबर मुलाला चेंडू आणि मुलीला टाचण्या टोचायची गादी. चेंडू काय नि गादी काय, एक बाजू लाल आणि एक काळी. चांगलं वागलं की टाचणी लाल बाजूला टोचायची, वाईट वागलं की काळ्या बाजूला. दहाच्या दहा टाचण्या लाल बाजूला आल्या तर बक्षीस एक पेनी, आणि दहाही काळ्या बाजूला गेल्या तर छडी. हे वाचून मला तर गहिवरूनच आलं. आमच्या लेजरचा सख्खा पूर्वज हो हा!

न्यूबेरी नुसती पुस्तकं विकत नव्हता. डॉक्टर जेम्स यांची तापावरची पावडरही विकत होता. १७६५ साली त्यानं 'गुडी टू-शूज' ही गोष्ट छापली. तीत नायिकेचा बाप सुरुवातीलाच तापानं मरतो. का मरतो? तर जिथं डॉक्टर जेम्सची पावडर मिळत नव्हती अशा ठिकाणी त्याला ताप आला म्हणून. मुलांच्या गोष्टीत बाप मारून औषध खपवायचं! आमचे जाहिरातवाले इतकी वर्षं झटताहेत, पण या उंचीला अजून पोचलेले नाहीत.

पण माणूस शहाणा, हे मान्य केलं पाहिजे. पोराच्या हातात पुस्तक टिकायचं तर सोबत चेंडू हवा, हे त्याला अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. पुढच्यांनी काय केलं? चेंडू काढून घेतला आणि टाचण्या तेवढ्या ठेवल्या.

याच न्यूबेरीच्या नावानं अमेरिकेत पदक सुरू झालं. १९२१ साली फ्रेडरिक मेल्चर या ग्रंथव्यवसायातल्या संपादकानं ग्रंथपालांच्या संमेलनात ते सुचवलं आणि १९२२ साली पहिलं पदक दिलंसुद्धा. (वर्षभरात समिती नेमून, ठराव करून, पदक घडवून मोकळे! आमच्याकडे एवढ्या अवधीत समितीच्या बैठकीची तारीखही ठरली नसती.) त्या पहिल्या वर्षी चक्क मतदान झालं. २१२ मतांपैकी १६३ मतं व्हॅन लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड'ला पडली. मानवजातीचा अख्खा इतिहास एका पुस्तकात! आता तुम्ही विचाराल, मतदार कोण? मुलं? छे! मुलांच्या विभागांचे ग्रंथपाल. पुढं मतदानही गेलं आणि समिती आली.

इंग्लंडात कार्नेगी पदक १९३६ सालच्या पुस्तकांपासून सुरू झालं. त्यांच्या यादीत १९४३, १९४५ आणि १९६६ या तीन वर्षांपुढं विजेत्याचं नावच नाही. त्या वर्षी पदकाच्या लायकीचं पुस्तक आढळलं नाही म्हणे. म्हणजे निरंक! मला त्या वर्षी दहा वर्षांची असलेल्या पोरांची काळजी वाटते. त्यांनी काय वाचलं असेल? का 'यंदा काही नाही, पुढच्या वर्षी या' अशी पाटी लावली होती?

आता दुरून गंमत बघणारा मी त्या खेळात कसा आलो ते सांगतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाला कुणा सज्जनानं वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि बालसाहित्य पुरस्कार ठरला. कार्यवाह घरी आले. म्हणाले, "तुम्ही बँकवाले. गुणांच्या बेरजा तेवढ्या करून द्या. पुस्तकं वाचायची गरज नाही." एवढी मोकळी अट साहित्यात फार कमी ठिकाणी मिळते. मी हो म्हटलं.

तीन परीक्षक होते. तिघांचं मिळून वय दोनशे अकरा. (बेरजा करायलाच बोलावलं होतं, मी दिसेल त्याची करत सुटलो.) गुणपत्रक असं : संस्कारमूल्य ४०, भाषाशुद्धी ३०, छपाई व बांधणी २०, नावीन्य १०. 'हसू आलं का?' असा रकाना नव्हता. 'पुढं काय झालं म्हणून रात्री जेवताना पुस्तक ताटाशेजारी ठेवलं का?' असाही नव्हता. पहिलं आलं ते पाणी वाचवण्यावरचं पुस्तक. त्यात एक नळ असतो. तो पहिल्या पानापासून रडतो. एवढ्या पाण्याची नासाडी त्याच पुस्तकात होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ८७ गुण. आणि एक होतं कैऱ्या चोरणाऱ्या पोराचं. भाषेत भरघोस, नावीन्यात पैकीच्या पैकी आणि संस्कारमूल्यात ४० पैकी ३. एका परीक्षकानं शेरा मारला होता, 'चोरी करूनही मुलगा शेवटपर्यंत पकडला जात नाही.' त्याला उत्तेजनार्थ.

हिशेबही मीच लिहिला. पुरस्कार रु. २,००१. मग शाली सहा, कारण लेखकाला दिली आणि देणगीदाराला दिली नाही तर कसं दिसतं? नारळ तितकेच. हॉल, ध्वनिक्षेपक, हार, वडे, चहा. सगळं मिळून साडेअकरा हजार. पुस्तकखरेदी : निरंक. रडणाऱ्या नळाची वाचनालयात एकच प्रत आहे, तीही लेखकानं स्पर्धेसाठी पाठवलेली.

महिन्याभरानं सहज ग्रंथपाल बाईंना विचारलं, "काय, पुरस्कारविजेतं जातंय का?" त्या म्हणाल्या, "ते आहे जागेवर. कैरीवालं मात्र परत यायचं नाव घेत नाही हो. परस्परच एकाकडून दुसऱ्याकडं जातंय. दंड कुणाच्या नावावर लावू, तेच कळत नाही." मग त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातले 'फास्टर फेणे'चे भाग दाखवले. पाठीवर कापडी पट्ट्या, कोपरे गोल झालेले. "हे तिसऱ्यांदा बाइंडिंगला चाललेत," म्हणाल्या. बाईंच्या आवाजात तक्रार होती. मला मात्र तो मानपत्राचा मजकूर वाटला.

फेण्याचे जनक भा. रा. भागवत १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. साहित्य अकादमीची बक्षिसं १९५५ पासून सुरू होती. पण बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू व्हायला २०१० साल उजाडलं. म्हणजे नेमकी भागवतांची जन्मशताब्दी! रक्कम पन्नास हजार आणि एक ताम्रपट. पहिल्या वर्षी मराठीत अनिल अवचट, दुसऱ्या वर्षी 'बोक्या सातबंडे'साठी दिलीप प्रभावळकर, पुढं माधुरी पुरंदरे, रत्नाकर मतकरी. नावं अशी की मुलांनीही हात वर केले असते. समित्यांना कधीच कळत नाही असं नाही, हे नोंदवलं पाहिजे. आम्ही बँकवाले जमेची बाजू लपवत नाही. पण पंचावन्न वर्षं मोठ्यांच्या पंगती उठल्यावर पोरांचं पान वाढलं, ही नोंदही पुसता येत नाही. फुरसुंगीचा बन्या फेणे तोवर सायकलवरून कधीच पुढं निघून गेला होता.

'मग मुलांनाच निवडू द्या की,' असं तुम्ही म्हणाल. तेही करून झालंय. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ग्रंथालयांनी १९४० पासून मुलांच्या मतांवर बक्षीस दिलं. जर्मनीच्या सरकारी बक्षिसात २००३ पासून तरुण वाचकांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. मुलं काही साधुसंत नसतात. तीही सगळ्यात वात्रट पुस्तकाला, नाहीतर ज्याचा सिनेमा पाहिला त्या पुस्तकाला मत देऊन मोकळी होतात. पण निदान पुस्तक वाचून चुकतात.

हे सगळं लिहायचं खरं कारण एक डुक्कर आहे.

ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' १९५२ साली आलं. मी ते गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या मुलीला रोज रात्री एक प्रकरण असं, जमेल तसं मराठी करत वाचून दाखवलं. विल्बर नावाचं डुक्कर. त्याला कापणार हे ठरलेलं. त्याला वाचवायला शार्लट ही कोळीण आपल्या जाळ्यात त्याच्याबद्दल शब्द विणते. यातले काही शब्द आणतो टेंपलटन नावाचा उंदीर, उकिरड्यावरच्या कागदांतून आणि साबणाच्या खोक्यावरून. (वाङ्मयाची उगमस्थानं इतक्या प्रामाणिकपणे कुणी सांगत नाही.) लोक जाळं बघतात आणि म्हणतात, काय अलौकिक डुक्कर आहे! आता जाळं विणलं कोळिणीनं. पण पंचक्रोशीत झुकरमनबाई सोडून कुणाला वाटत नाही की अलौकिक असेल तर कोळीण असेल. आणि बाईंचंही कुणी ऐकत नाही.

मग जत्रा येते. पहिलं बक्षीस मिळतं शेजारच्या 'अंकल' नावाच्या डुकराला. गुण कोणता? तर तो आकारानं मोठा आहे. एवढा स्वच्छ निकष मी कुठल्याही समितीत पाहिलेला नाही. विल्बरला मिळतं खास पारितोषिक, म्हणजे आपल्या भाषेत उत्तेजनार्थ : पंचवीस डॉलर आणि नाव कोरलेलं कांस्यपदक. ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षीय थाटाचं भाषण होतं, चमत्कार, दैवी शक्ती वगैरे. ते ऐकून विल्बर घेरी येऊन पडतो. आपल्याकडच्या सत्कारमूर्तींनाही भाषणं ऐकून असंच होत असणार. फक्त शालीच्या आधारानं ते बसल्या जागी निभावतात. उंदीर शेपटीला चावतो तेव्हा विल्बर शुद्धीवर येतो. शार्लट हे सगळं छताच्या कोपऱ्यातून ऐकत असते. तिची अंडी घालून झालेली असतात. जत्रा उठते, सगळे घरी जातात आणि ती तिथंच, रिकाम्या मैदानावर मरते.

बक्षिसांवर यापेक्षा खरं मी काही वाचलेलं नाही. लेखकाचं श्रेय विषयाला जातं, वजनदाराला पहिला क्रमांक जातो आणि निवेदक चमत्कारावर बोलतो. आणि गंमत पुढंच आहे. १९५३ साली न्यूबेरी पदकाची वेळ आली, तेव्हा समितीनं ते दिलं ॲन नोलन क्लार्क यांच्या 'सिक्रेट ऑफ द अँडीज'ला. पेरूच्या डोंगरात लामा राखणाऱ्या कुसी नावाच्या इंका मुलाची ती गोष्ट. शांत आहे, चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. 'शार्लट्स वेब' राहिलं पाच उपविजेत्यांत. न्यूबेरी पदक कांस्याचं असतं. म्हणजे डुकराला मिळालं ते पुस्तकाला मिळालं नाही. आणि व्हाइटनी ते आदल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं! १९७१ पासून या उपविजेत्यांना 'ऑनर बुक' म्हणू लागले, तेही मागल्या तारखेपासून लागू. बँकेत मागली तारीख घातली तर निलंबन होतं. खुद्द व्हाइटना ग्रंथपालांनी १९७० साली एकूण कामगिरीचं दुसरं एक पदक दिलं.

मुलीला यातलं काही सांगितलं नाही. शार्लट गेली त्या रात्री ती रडेल म्हणून मी रुमाल उशाशी ठेवला होता. ती रडली नाही. बराच वेळ छताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, ते पंचवीस डॉलर कोणी घेतले?"

"झुकरमननं. डुक्कर त्याचं ना."

"आणि तिच्या पिल्लांना काय दिलं?"

"काही नाही."

"उंदराला?"

"त्याला जत्रेतलं खरकटं मिळालं. पोट फुटेस्तोवर."

"मग त्यालाच बरं मिळालं," असं म्हणून तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दिवा बंद करायचा नाही असं बजावून पुन्हा पहिल्या पानापासून चित्रं बघायला लागली.