एका भागाकाराचं रसग्रहण

तिसरं मूल झालं, की आईची नोकरी सुटते का? जोशुआ अँग्रिस्ट आणि विल्यम एव्हान्स यांनी 1998 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये हा प्रश्न घेतला. उत्तर हो किंवा नाही. 1 किंवा 0. निबंधाची खरी गोडी मात्र उत्तराकडे नेणाऱ्या वाटेत आहे.

1980च्या अमेरिकी जनगणनेत, वय वगैरे जमेस धरूनही, दोन मुलांवर न थांबलेल्या आया कामावर असण्याचं प्रमाण शंभरात सुमारे 18ने कमी दिसतं. पण घराबाहेरच्या कामाची ओढ मुळातच कमी असलेली बाईच कदाचित मोठं कुटुंब पसंत करत असेल. मग या 18मध्ये मुलाचा वाटा किती आणि आवडीचा किती?

इथे लेखकांना निसर्गाची सोडत सापडते. पहिली दोन मुलं एकाच लिंगाची निघणं आईबापांच्या हातात नसतं. तसं झालं, की अमेरिकेत तिसऱ्या मुलाकडे वळणाऱ्या आया शंभरात 6ने वाढतात. अशा आया आणि एक मुलगा-एक मुलगी असलेल्या आया, या दोन गटांत कामावर असण्यातला फरक शंभरात जेमतेम 0.8. आता 0.8ला 6ने भागा: 0.13. म्हणजे तिसऱ्या मुलामुळे होणारी घट शंभरात 18 नव्हे, सुमारे 13. एवढ्याशा भागाकाराने केवढा गुंता सुटतो!

हो-नाहीच्या उत्तराला प्रोबिटची, म्हणजे अंदाज 0 आणि 1च्या मध्येच ठेवणारी, वक्ररेषाच हवी, असा अनेकांचा आग्रह असतो. पण पहिल्या पायरीवरचा, म्हणजे सोडतीवरून बांधलेला तिसऱ्या मुलाचा अंदाज उचलून थेट प्रोबिटमध्ये घातला, तर उत्तर फसतं. द्विचल प्रोबिट दोन्ही समीकरणं एकत्र सोडवतो. त्यासाठी त्याला त्रुटींचं वितरण प्रसामान्य मानावं लागतं. 2001 साली अँग्रिस्ट यांनी हेच उदाहरण पुन्हा घेऊन वरच्या भागाकारामागच्या सरळ रेषेची बाजू मांडली: सरासरी परिणाम हवा असेल, तर साधी पद्धत पुरते.

या साधेपणाला मर्यादेचं भानही हवं. 13 हा आकडा साऱ्या आयांचा नाही. दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली झाल्या म्हणूनच तिसऱ्याकडे वळलेल्यांचा आहे. शिवाय जिथे गर्भलिंगनिवड होते, तिथे सोडत निसर्गाची उरत नाही. भारतात ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. म्हणून असा कुठलाही निबंध हाती आला, की समीकरणाकडे वळण्याआधी एवढं विचारा: सोडत कुणी काढली?