‘आहे’ आणि ‘असावे’

धाकट्या बहिणीची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या उन्हाळ्यात तिने गावाकडच्या तीन विहिरींचे पाणी तपासले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. एका विहिरीत ते पुष्कळच जास्त निघाले. अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. तो सरांकडून लालेलाल होऊन परत आला, तेव्हा पोरगी माझ्याकडे येऊन बसली.

“मावशी, हे बघ. ‘मी नमुने गोळा केले’ लिहिलं, तर ‘मी’ खोडला. ‘खतामुळे पाणी बिघडलं हे सिद्ध होतं’ लिहिलं, तर ‘प्रूव्ह’ खोडून ‘सजेस्ट’ केलं. शास्त्र म्हणायचं आणि असं घाबरत घाबरत लिहायचं?”

माझे इंग्रजी बेताचेच. पण दोन लाल रेघांपैकी एक मला पटली, दुसरी पटली नाही.

न पटलेली आधी सांगते. ‘नमुने गोळा केले गेले’ असे लिहून कर्ता झाकायचा, म्हणजे लेखन तटस्थ होते, असा शास्त्रीय इंग्रजीतला जुना समज आहे. आपणही पाककृतीत ‘मीठ घालावे’ लिहितोच की. पण तिथे घालणारी कोण, हा प्रश्नच नसतो. प्रयोगात तो असतो. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल चक्क ‘मी’ लिहून प्रयोग सांगत असे. फसलेल्या प्रयोगांवरही त्याने १६६१ साली निबंध छापले. १९५३ साली ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. तो पानभराचा लेख ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होतो. शोधनिबंध कसा लिहावा यावर रॉबर्ट डे यांचे १९७९ साली आलेले पुस्तक प्रसिद्ध आहे, तेही कर्मणी प्रयोगाच्या या सवयीवर टीकाच करते.

मी सहज विचारले, “तिन्ही नमुने तूच आणलेस ना गं?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “तिसरा दादानं आणला. सरबताच्या बाटलीत.”

नायट्रेट जास्त निघालेली विहीर तीच! बाटली नीट धुतली होती की नाही, देव जाणे. ‘नमुने गोळा केले गेले’ या सोवळ्या वाक्यात दादा आणि त्याची बाटली दोन्ही लपली होती. अशा वाक्याला मी तटस्थ म्हणणार नाही.

आता पटलेली रेघ. ‘सिद्ध होते’च्या जागी ‘असे सूचित होते’ लिहिणे म्हणजे कच खाणे नव्हे. आपल्या घरात ‘स्यात्’ हा शब्द काही नवा नाही. पण आपणही त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा करून मोकळ्या होतो. ‘स्यात्’ म्हणजे अमुक एका अपेक्षेने, अमुक दृष्टीने. त्या दृष्टीपुरते विधान ठामच असते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा विचार केला. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९५७ साली ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावरच लेख लिहिला. शास्त्राच्या माणसांना त्यात आपल्या कामाचे काहीतरी दिसले, ते उगीच नाही.

म्हणून इंग्रजीतल्या ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘अपिअर’ या शब्दांची परीक्षा एकच: त्यांच्यामागे अपेक्षा सांगितली आहे का? किती विहिरी, कुठला महिना, किती वेळा तपासले? ते सांगून ‘असावे’ म्हटले तर तो स्याद्वाद. काहीच न सांगता म्हटले तर ती नुसती पळवाट. सरांनी शब्द बदलून दिला, पण ही अपेक्षा लिहायला सांगितली नाही, एवढी माझी तक्रार.

पोरगी पुन्हा गावाला गेली. स्वच्छ बाटलीत, स्वतःच्या हाताने पाणी घेऊन आली. नायट्रेट आधीपेक्षा कमी निघाले, पण ४५च्या वरच होते. मग तिने लिहिले: एक विहीर, उन्हाळा, दोन नमुने, पहिला दुसऱ्याने आणलेला; शेजारच्या शेतातल्या खतामुळे असे झाले असावे. ‘मी’ तिने सरांना विचारून परत घातला.

त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना मात्र तिने ‘असावे’ सांगितले नाही. “तपासणी पुरी होईपर्यंत हे पाणी लेकराबाळांना देऊ नका,” एवढेच सांगितले.