मालकांचा पंच

दुसऱ्याच्या कामाला मार्क देणे हा माझा आवडता खेळ. त्याला मैदान लागत नाही, आरामखुर्ची पुरते. पण अमेरिकन बेसबॉलचे माजी कमिशनर बड सेलिग यांच्या प्रगतिपुस्तकाशी मी अडलो.

हे गृहस्थ मूळचे मिलवॉकी संघाचे मालक. १९९२ साली इतर मालकांनी त्यांनाच 'हंगामी' कमिशनर केले. १९९८ मध्ये ते कायम झाले आणि २०१५ पर्यंत राहिले. एवढा लांब हंगाम पाहिलात कधी?

१९९४ साली मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, खेळाडूंना नको. संप झाला. तडजोड करणार कोण? तर वरपक्षाचेच मामा! दोन्ही महायुद्धांत न चुकलेली वर्ल्ड सीरिज त्या वर्षी रद्द झाली. पुढे त्यांच्या कारकिर्दीत संप झाला नाही, पैसाही रग्गड आला, हे मान्य.

२००२ साली त्यांच्याच गावी ऑल-स्टार सामना ७-७ वर अडला. अकरा डाव झाले, चेंडू टाकायला माणूस उरेना. सेलिगसाहेबांनी हात पसरले. पंगतीत श्रीखंड संपल्यावर यजमान पसरतो ना, अगदी तसे!

पण मार्क कापले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. १९९८ साली मार्क मॅग्वायरने ७० होमरन ठोकले, सगळे खूश. उत्तेजकांची चाचणी सुरू व्हायला २००३ उजाडले. (खेळाडूंच्या संघटनेलाही ती नकोच होती म्हणा!) २०१० साली मॅग्वायरने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. त्याला मतदारांनी दहा वर्षे हॉल ऑफ फेमच्या दारातच उभे ठेवले. साहेब २०१७ साली आत जाऊन बसले.